चुन्यात मुरलेला गूळ

दिवाळीचे कंदील उतरले, की मलकापूरच्या रस्त्याला वास येऊ लागतो. कोल्हापूर मागं पडतं, घरं विरळ होतात आणि उसाच्या फडांमधून पहिल्या गुऱ्हाळाचा धूर वर चढताना दिसतो. मग तो वास एसटीत शिरतो. उकळत्या रसाचा, दाट, कडेला जरासा करपलेला. परवा माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी झोपेतून जागी झाली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "गुऱ्हाळं लागली की." तिचं बालपण त्या वासात असणार. माझं नाही. मी शहरात वाढले. त्या वासात माझा एकच हंगाम आहे, नव्वदच्या दशकाच्या अखेरचा. पण तो अख्खा आहे.

मी तेव्हा लोकांच्या घरांचे नकाशे काढून पोट भरत होते. स्लॅब, जिना, पुढं मोटरसायकल लावायला जागा. जुन्या वास्तू जपायच्या म्हणून आम्ही काही जणांनी एक संस्था काढली होती. नोंदणी झाली होती, शिक्का होता, पावतीपुस्तक होतं. पैसे नव्हते. आमच्या बैठका गंगाक्कांच्या दुकानात व्हायच्या. गंगाक्का लिंगायत घरातल्या, माहेर निपाणीकडचं. नवरा गेल्यावर गुळाची अडत त्यांनी स्वतः चालवली. अडत म्हणजे शेतकऱ्याचा गूळ बाजारात आणून व्यापाऱ्याला विकून देणं. पुरुषांनी भरलेल्या त्या गल्लीत त्या गादीवर मांडी घालून बसायच्या, कपाळाला विभूती, डोळ्यांना जाड काचा. त्यांना वास्तुकलेतलं काही कळत नव्हतं आणि कळतं असा आवही त्या आणत नसत. "जुनं हाय म्हणून न्हाय," त्या म्हणायच्या, "कुणाच्या तरी उपयोगाचं हाय म्हणून ठेवायचं."

आमचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. इतिहास शिकवलेला, बोलणं मोजकं, इस्त्रीचा सदरा. त्यांच्यामुळं आमचे अर्ज नीट लिहिले जायचे. अर्ज पुण्याला जायचे, मुंबईला जायचे. उत्तर आलं तर असं यायचं, की सदर वास्तू संरक्षित यादीत नाही. यादीत का नाही, तर तिची कुणी नोंद केली नाही. नोंद का नाही, तर ती यादीत नाही. या गोल वाटेवर आम्ही बरीच वर्षं फिरलो.

ती वास्तू म्हणजे मलकापूर रस्त्याच्या आतल्या एका गावातली धर्मशाळा. गावाचं नाव लिहीत नाही. गावकऱ्यांना चालेल, सरपंचांना चालणार नाही. काळ्या दगडाची, पाच कमानींची, पुढं लांब ओटा, वर कौलं. घाट चढून कोकणातून येणाऱ्या आणि घाट उतरून जाणाऱ्या बैलगाड्या तिथं मुक्काम करायच्या, असं सांगतात. कुणी बांधली, ते कुठंच कोरलेलं नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, की आत पडझड आणि वटवाघळं असतील. आत बिऱ्हाडं होती. बीडकडून ऊसतोडीला आलेली कुटुंबं दर साली त्याच धर्मशाळेत उतरत होती. एका कमानीत पत्र्याची पेटी, दुसरीत दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, तिसरीत पाळणा. मी टेप काढून मापं घेऊ लागले, तशी एक बाई उठून आली. सोजर तिचं नाव. काळीसावळी, तिशीची असेल, हातांवर पाचटाचे ओरखडे.

"बाई, पाडायची हाय का?" तिनं विचारलं.

"नाही. दुरुस्त करायची आहे."

"मग धरा की नीट," असं म्हणून तिनं टेपचं दुसरं टोक हातात घेतलं आणि भिंतीला लावून धरलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी पाचही कमानी मोजल्या.

त्यानंतरच्या श्रावणात दुसरी कमान कोसळली. आत कुणी नव्हतं, हंगाम नव्हता, म्हणून निभावलं. पण कमान गेली की शेजारच्या कमानीचा आधार जातो. पुढचा पावसाळा उरलेल्या काढणार नाहीत, हे सांगायला माझ्या पदवीची गरज नव्हती. गावात गाळ्यांची भाषा सुरू झाली. धर्मशाळा पाडायची, रस्त्याला लागून दुकानगाळे काढायचे, भाडं पंचायतीला. सरपंच आनंदराव तसा सरळ माणूस. ग्रामसभेत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "म्याडम, तुमी लई वर्सं कागद पाठवताय. कागदावर गाव चालत न्हाय. गुढीपाडव्यापर्यंत पडलेली कमान हुबी करून दावा. न्हायतर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आमी पाडायला घेणार."

मी हो म्हणून आले. परतीच्या एसटीत बसल्यावर आठवलं, संस्थेकडं पैसे नाहीत.

पैसे मिळण्याची एक वाट होती, आणि ती खरं तर उघडी होती. शहरातले एक मोठे फौंड्रीवाले गृहस्थ आमच्या कामाला मदत करायला तयार झाले. सभ्य माणूस. ते स्वतः दुकानात आले, गंगाक्कांच्या हातचा चहा प्याले, माझी रेखाटनं चष्मा लावून पाहिली. सगळा खर्च देईन म्हणाले. अट एकच होती: काम झाल्यावर भोवती कुंपण, फाटक, फाटकाला कुलूप. आत जुन्या वस्तूंचं लहानसं दालन. आणि तोडकऱ्यांनी दुसरीकडं राहायचं.

"मी त्यांच्या विरोधात नाही," ते म्हणाले. "पण राबता थांबवल्याशिवाय जुनी वास्तू टिकत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला पटेल."

मला निम्मं पटलंही होतं. प्राध्यापकांना पूर्ण पटलं. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "सुनंदाताई, पडून जाण्यापेक्षा कुलपात राहिलेली बरी. पुढं कधी तरी कुलूप काढता येईल."

 गंगाक्कांनी विचारलं, "सर, धर्मशाळेला कुलूप लावलं, की तिला काय म्हणायचं?"

सरांच्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत.

"मला इतिहास कळत न्हाय. पर ज्यानं बांधली त्यानं स्वतःचं नावबी लिवलं न्हाय. उतरणाऱ्यानं विचारू नये, कुणाची म्हणून. त्या माणसाचा शबूद मोडून मला दगड राखायचा न्हाय." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुला काय वाटतं ते सांग. माझ्याकडं बघून सांगू नको."

मला सोजरनं भिंतीला लावून धरलेलं टेपचं टोक दिसत होतं. मी म्हटलं, "कुलूप नको."

"आयतु," गंगाक्का कानडीत म्हणाल्या. म्हणजे झालं, ठरलं.

प्राध्यापकांनी त्याच बैठकीत अध्यक्षपद सोडलं. चिडून नाही. "मी सभासद राहीन," ते म्हणाले, "पण जे मला चूक वाटतं, त्यावर सही करणार नाही." आजही त्यांचं मत तेच आहे, आणि आजही मी त्यांच्या पाया पडते.

नकार देऊन झाला. आता पैसे कुठून आणायचे? ही गोष्ट मी तरुण लोकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, नकार हाच कळस. नकार द्यायला एक संध्याकाळ लागते. नंतरचा अख्खा हंगाम ती संध्याकाळ खरी ठरवण्यात जातो.

कल्पना गंगाक्कांची. त्यांच्याकडं गूळ आणणारी निम्मी गुऱ्हाळं त्याच रस्त्यावर होती. प्रत्येक गुऱ्हाळानं एक रवा द्यायचा, म्हणजे गुळाची एक मोठी ढेप. पैसे मागितले तर माणूस आधी खिसा चाचपतो, त्या म्हणाल्या. हंगामात गूळ मागितला तर हात आपोआप पुढं येतो.

हात आपोआप पुढं आला नाही. पहिल्याच गुऱ्हाळावर मालकानं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. "कुठलं पावणं?"

आम्ही सांगितलं. काहिलीत रस उकळत होता, एक गडी लांब दांड्याच्या झाऱ्यानं वरची मळी ओढत होता, खाली चुलवाणात चिपाडं ढकलली जात होती. बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं.

"दगडाला गूळ?" मालक म्हणाला. "दगड काय खातोय व्हय?"

"खातोय," गंगाक्का तेवढ्याच आवाजात म्हणाल्या. "चुन्यात गूळ घालत्यात. तुमच्या आज्याच्या हिरीचं बांधकाम बघा जाऊन."

तो हसला, पण रवा दिला नाही. "पुढच्या आदानाला बघू," म्हणाला, म्हणजे पुढची काहील उतरेल तेव्हा. आम्ही पुढं निघालो. दुसऱ्यानं दिला. तिसऱ्यानं आधी रस पाजला, मग कारखान्याच्या भावाबद्दल मनसोक्त तक्रार केली, आणि निघताना काळपट, चिकट, विकत कुणी घेणार नाही असा रवा हातात ठेवला. गंगाक्कांनी तोही कपाळाला लावून घेतला. टेम्पोत ठेवताना मी म्हटलं, "अक्का, हा कशाला?" त्या म्हणाल्या, "दिलाय न्हवं? पुढच्या साली चांगला दिल."

असे किती रविवार गेले, मला आठवत नाही. आठवतात ते चुलवाणाच्या धगीनं तापलेले गाल आणि पाठीला लागणारी पौषातली थंडी. गरम काकवीत बुडवलेली भाकरी. एका गुऱ्हाळावर आंधळा म्हातारा होता. तो नुसत्या वासावरून सांगायचा, की आता उतरवा. त्यानं मुलाला सांगून दोन रवे दिले. "एक माझा, एक माझ्या बैलाचा," म्हणाला. "त्यानं त्याच धर्मशाळेत जीव सोडला. कोकणातनं येताना."

पहिल्या मालकाकडं आम्ही चार वेळा गेलो. चौथ्या वेळी त्यानं आम्हाला लांबून येताना पाहिलं आणि गड्याला हाक मारली, "आली रं दगडवाली. रवा काढ."

गूळ बाजारात आला, तेव्हा खरी अडचण पुढं उभी राहिली. सौद्याला एकसारखा माल लागतो. आमचा ढीग म्हणजे पिवळा, तांबडा, काळपट, कडक, मऊ, सगळा एकत्र. सौदा पुकारणाऱ्यानं भाव सुरू केला आणि व्यापारी गप्प राहिले. एकानं बोटानं टवका काढला, चाखला, आणि हात धोतराला पुसले. मी गंगाक्कांच्या मागं उभी होते. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

समोरच्या गाळ्यात शिवलिंगाप्पा म्हणून व्यापारी होते. एका जुन्या व्यवहारावरून त्यांचं आणि गंगाक्कांचं बोलणं तुटलेलं होतं. गंगाक्कांच्या नवऱ्याच्या दिवसांनाही ते आले नव्हते. ते गर्दीतून पुढं आले. ढिगाभोवती एक फेरी मारली. गंगाक्कांकडं पाहिलं नाही. पुकारणाऱ्याला त्यांनी पहिल्या प्रतीच्या गुळाचा भाव सांगितला.

कुणी तरी म्हणालं, "अप्पा, माल बघितलासा का?"

"बघितला. वंगाळ हाय," शिवलिंगाप्पा म्हणाले. "मी भाव गुळाचा केलेला न्हाय."

मग दुसरे बोलू लागले. ढीग भागाभागानं गेला. गंगाक्कांनी थोडे रवे मात्र बाजूला काढायला लावले, काळपट होते तेच. ते चुन्यासाठी. शिवलिंगाप्पांशी त्या दिवशी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाक्कांनी त्यांच्या गाळ्यावर चहा पाठवला, आणि तो परत आला नाही.

आता चुना. इथं मला खरं सांगितलं पाहिजे, की आमच्यापैकी कुणालाच चुना येत नव्हता. माझं शिक्षण सिमेंटचं. आमचा गवंडी यासीनभाई, त्याचं आयुष्य सिमेंटात गेलेलं. तो म्हणाला, "माझ्या आजोबानं चुन्यात काम केलं, पण मला तर त्यांचा चेहरापण आठवत न्हाय." आम्ही जुन्या पुस्तकांतून, शहरातल्या एक-दोन म्हाताऱ्यांकडून, आणि पडलेल्या कमानीच्या दगडांना चिकटलेला जुना चुना कुस्करून शिकत गेलो. कळीचा चुना खड्ड्यात भिजत घातला. रटरटला, वाफा निघाल्या, आम्ही सगळे मागं सरलो. घाई होती म्हणून लवकर काढला, वाळू मिसळून मळला, दोन थर लावले. आठवड्यात भेगा पडल्या. बोट घातलं की भुकटी.

माघ निम्मा सरला होता. यासीनभाईनं थापी टेकवली आणि माझ्याकडं पाहिलं. "बाई, दोन पोती सिमेंट आणू? आतनं लावतो. बाहेरनं कुणाला दिसणार न्हाय."

कुणाला दिसलं नसतं, हे खरं होतं. पण जुना दगड आणि जुना चुना ओल धरतात, सोडतात. मधे सिमेंट आलं, की ओल आत अडकते आणि शेजारची कमान कुजवते. पुढच्या कुणाच्या तरी डोक्यावर ते आलं असतं. मी म्हटलं, "काढून टाकू. परत भिजवू. या वेळी थांबू."

"पाडवा थांबंल का?"

"नाही. आपण थांबायचं."

दुसरा चुना आम्ही मुरू दिला. त्या दिवसांत हातावर हात ठेवून बसणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. दगड घडवून घेतले, लाकडी आधार करून घेतला, आणि एका बंद पडलेल्या तेलघाण्याचं दगडी चाक आणून ओट्यापुढं गोल चर खणून बसवलं. त्या चरात चुना आणि वाळू घालायची, आणि बैलानं चाक फिरवून दळायचं. बैल कुठला आणायचा हा प्रश्न होता. तेवढ्यात कारखान्यात काही तरी मोडलं आणि ऊसतोड काही दिवस थांबली. तोडकऱ्यांच्या हाताला काम नाही, बैल दावणीला उभे.

सोजर पुढं आली. "आमचा बैल लावा. वैरण तरी सुटंल त्याची."

मजुरी ठरली, रोजची रोज द्यायची असं ठरलं, आणि धर्मशाळेपुढं घाणी फिरू लागली. सोजरचा नवरा बैल हाकायचा. सोजर आणि दोघी-तिघी चरात गुळाचं पाणी शिंपायच्या, हिरड्याचं पाणी शिंपायच्या. मुलं गुळाचा खडा पळवायची आणि चुना लागलेली बोटं चाटून थुंकायची. एका सकाळी मी पोचले तर वाळू चाळायला प्राध्यापक बसलेले. तोंडाला रुमाल, इस्त्रीचा सदरा पांढराफेक झालेला.  त्यांनीच सांगितलं, "माझा कुलपाला पाठिंबा होता. कमान पडायला नव्हता."

त्या चुन्यात बोट घातलं, की लोण्यासारखं लागायचं. यासीनभाईनं पहिला थर लावला आणि रोज सकाळी येऊन तो नखानं खरवडून बघू लागला. चौथ्या की पाचव्या दिवशी नख उठेना. त्यानं माझं बोट धरलं आणि भिंतीवर टेकवलं.

कमान दोन्ही बाजूंनी वर चढत गेली. माथ्यावरचा मधला दगड, ज्याला चावी म्हणतात, तो बसवायला गावातली तालमीतली माणसं आली. पाडव्याच्या आदल्या दिवशी खालचा लाकडी आधार काढायचा होता. आधार काढेपर्यंत कमान लाकडावर उभी असते, काढल्यावर स्वतःवर. सरपंच आले होते. निम्मा गाव आला होता. यासीनभाईनं पाचरी हातोडीनं सैल करायला सुरुवात केली. मी डोळे मिटले नाहीत, मिटावेसे वाटत होते. शेवटची पाचर निघाली तेव्हा वरून थोडी चुन्याची भुकटी गळली. एक दगड किंचित बसला, असा आवाज आला. आणि मग काहीच झालं नाही. काहीच न होणं एवढं मोठं असतं, हे मला तेव्हा कळलं.

आनंदराव कमानीखाली जाऊन उभे राहिले. वर पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, "गाळ्यांचं बघू दुसरीकडं कुठंतरी." आणि थोडं थांबून, "बाकीच्या कमानीबी बघून घ्या. खर्चाला गावाचंबी काहीतरी लावू."

उरलेलं काम त्या पावसाळ्याआधी झालं, काही पुढच्या वर्षी. दोन हजार पाचचा महापूर आला तेव्हा गावातली काही घरं पाण्यात गेली आणि त्यातली माणसं धर्मशाळेत येऊन राहिली. आनंदरावांची म्हातारी आईसुद्धा. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, कमान झाल्यानंतरच्या पहिल्या हंगामाचं.

आम्ही आतून-बाहेरून चुन्याचा हात दिला होता. भिंती इतक्या पांढऱ्या, की संध्याकाळी ओट्यावर वेगळाच उजेड पडायचा. मी फोटो काढले, शहरात दाखवले, लोकांनी वाहवा केली. मग दसऱ्यानंतर बीडच्या गाड्या आल्या. मी आणि गंगाक्का मुद्दाम गेलो होतो. सोजर उतरली, पेटी खाली घेतली, आणि कमानीशी येऊन थांबली. पांढरी भिंत बघून तिला आत पाय टाकवेना. "बाई," ती म्हणाली, "आता इथं ऱ्हायाचं का न्हाय आमी?"

"मग कुणी?" गंगाक्का म्हणाल्या.

तिनं पेटी आत ठेवली. कोपऱ्यात तीन दगड मांडले, चिपाडं पेटवली, तवा चढवला. माझ्या डोळ्यांदेखत धुराची काळी रेघ नव्या भिंतीवरून वर चढत गेली. मी भिंतीकडं एक पाऊल टाकून थांबले. गंगाक्कांनी ते पाहिलं असावं, कारण त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "काळी हुणारच. दर साली चुना लावायचा, आणि काय."

सोजरनं पहिली भाकरी मोडून आमच्या दोघींच्या हातावर ठेवली. आम्ही ओट्यावर बसून खाल्ली. तिथंच बसल्या बसल्या गंगाक्कांनी विचारलं, "पुढच्या चुन्याला किती रवं लागतील गं?" आणि मी हिशेब करू लागले.